पाहुण्याला ओ

सुळ्याचं टोक घासत होतो, एवढ्यात बाकावर पालथा ठेवलेला फोन थरथरला. बोटं गुलाबी भुकटीनं भरलेली, म्हणून मी तो मनगटानंच सुलटा केला. अनोळखी खातं, फोटोच्या जागी नुसतं करडं वर्तुळ, आणि खाली लिहिलेलं : 'तो पक्षी नाहीये. ती माझी आई आहे.' बस्स. नमस्कार नाही, ओळख नाही. मशीन हातात चालूच होतं आणि मी ते वाचत राहिलो, आणि सुळा गेला कामातून. कुणा बिचाऱ्याची कवळी होती ती, ठाऊक नाही. ठाऊक कधीच नसतं. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, सोबत रंगाचा नंबर, 'पुढचे दोन किंचित वाकडे ठेवा, पेशंटचे मूळचे तसे होते' अशी एखादी सूचना, आणि मी मेण, प्लास्टर, दात असं करत एक हसू तयार करून डबीत घालून परत पाठवतो. इतकी वर्षं लोकांची तोंडं करतोय, पण एकही तोंड पाहिलेलं नाही. ताई म्हणते, तुझं सगळं आयुष्यच तसलं. ताई माझी मोठी बहीण, आणि तिला माझ्याबद्दल असलं काही सुचलं की ती ते पोटात ठेवत नाही. मी मशीन बंद केलं, सुळा उजेडात धरून पाहिला आणि पहिलं मनात आलं ते हे, की आला कुणीतरी वेडा. आमच्या गटात वेडे काही कमी नव्हते, पण ते आमचे होते.

गट म्हणजे एका व्हायोलिनवाल्याच्या चाहत्यांचा. हा माणूस हयातीत कुणाला फारसा ठाऊक नव्हता. घरी बसून टेपवर काही धुना वाजवून ठेवल्या आणि गेला. पुढे त्याच्या कुणा शिष्यानं त्या इंटरनेटवर चढवल्या आणि आम्ही मूठभर लोक कुठून कुठून येऊन त्यांना चिकटलो. आम्ही त्याला म्हातारबा म्हणायचो. त्यानं धुनांना नावं दिली नव्हती, ती आम्ही दिली. एक 'ओलं पान', एक 'साय', एक 'चढण'. 'चढण' हे नाव बागवानाचं. त्याची रोपवाटिका आहे, आणि तो नेच्याच्या कुंड्यांना रोज म्हातारबा ऐकवतो आणि शपथेवर सांगतो की पानं स्पीकरकडे कलतात. त्यावर कुणीतरी विचारलं होतं, स्पीकर खिडकीत आहे का? बागवान दोन आठवडे रुसून बसला होता. कुणी म्हणायचं 'साय' ऐकताना दूध उतू जात नाही. कुणी आपल्या गावच्या नदीचा आवाज पाठवायचं आणि विचारायचं, ही म्हातारबांच्या कुठल्या धुनेत मिसळेल? आणि आम्ही मोठी माणसं, पोटापाण्याचे उद्योग असलेली, त्यावर संध्याकाळभर वाद घालायचो. बाहेरच्या कुणाला सांगावं तर हसू होईल. पण दिवसभर कुणाशी बोलायची वेळ न आलेल्या माणसाला 'नदी जरा उतावळी वाटते, सायीत नाही मिसळायची' असं कुणीतरी गंभीरपणे लिहिलेलं वाचून जे वाटतं, ते मला ताईला कधी समजावता आलं नाही.

आणि पाहुणा. तो माझा शोध. सांगायला लाज वाटते, पण आयुष्यात मी शोधलेली ती एकच गोष्ट. कानात हेडफोन घालून दात लावत होतो, 'चढण' चालू होती. मागे पियानोचे साधे, सारखे सूर, वर व्हायोलिन, आणि दोहोंच्या मधे, खूप मागून, चूं. पुन्हा चूं चूं. मी मेणाची सुरी खाली ठेवली. त्या दिवशी मी गटात लिहिलं, 'मागे एक पक्षी आहे, कुणी ऐकलाय का?' माझ्या कुठल्याही वाक्याला आयुष्यात एवढी उत्तरं आली नव्हती. सगळ्यांनी सगळ्या धुना परत ऐकल्या. तो जवळजवळ प्रत्येकीत होता. म्हातारबा खिडकी उघडी ठेवून वाजवत असणार, खिडकीशी झाड असणार, झाडावर हा. पक्ष्यांतला जाणकार म्हणवणारा एक होता, त्यानं हात टेकले : हा आवाज कुठल्याच ओळखीच्या पक्ष्याचा नाही, वाट चुकून आलेला असावा. म्हणून तो पाहुणा. मास्तरीणबाईंचं म्हणणं, हा म्हातारबांचा मागच्या जन्मीचा नापास विद्यार्थी आहे, परीक्षा द्यायला येतो. मास्तरीणबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. दर रविवारी दुपारी आम्ही सगळे आपापल्या घरून एकच धून एका वेळी ऐकायचो, लावायचं काम माझ्याकडे. अशाच एका रविवारी पाहुणा बोलला आणि बाईंनी खाली लिहिलं, 'ओ.' घरातल्या कुणी हाक मारल्यावर देतो तसा. सगळे हसले. पुढच्या वेळी दोघातिघांनी दिला, मग सगळेच द्यायला लागले. पाहुण्याची चूं झाली की पडद्यावर ओ, ओ, ओ अशी रांग लागायची. कुणीतरी व्हायोलिन गाळून नुसता पाहुणा वेगळा काढला, आणि कित्येकांनी तो फोनची घंटी म्हणून लावून घेतला. मीही.

हे सगळं मी त्या करड्या वर्तुळाच्या खात्याला लिहिणार होतो, म्हणजे समोरच्याला कळावं की आपण कुणाच्या दारात आलो आहोत. त्याऐवजी लिहिलं, 'आपण कोण?' उत्तर तुकड्यातुकड्यांनी आलं. ती म्हातारबांची मुलगी. बँकेत रांगेत उभी होती. पुढच्या माणसाचा फोन वाजला आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली. त्या माणसाला विचारून ती आमच्यापर्यंत पोचली. आईला अर्धांगवायूचा झटका आला होता, वाचा गेली, एक हात तेवढा हलायचा. त्या हातात मुलीचं लहानपणचं रबरी बदक दिलं होतं. दाबलं की वाजायचं. 'काही हवं असलं की ती ते दाबायची. तिच्याकडे तेवढंच होतं. तुम्ही पहिल्यांदा ऐकलंत असं तिथे वाचलं, म्हणून तुम्हाला लिहिलं.' मी विचारलं, आणि विचारल्यावर वाटलं विचारायला नको होतं, 'मग वाजवणं थांबवून ते उठायचे का?' मग आलं, 'दिवसभर सगळं तेच करायचे. भरवायचे, पुसायचे, कूस बदलायचे. बाहेरचे कार्यक्रम त्यांनी तिच्यासाठीच सोडले. फक्त एक तास त्यांचा. त्या तासात उठायचं नाही असं ठरलं होतं. आईलाही सांगितलं होतं. सगळं सोडलं तर मी हिच्यावर चिडायला लागेन, असं म्हणायचे. बरोबरच होतं. पण ती दाबायची.'

घरी गेलो. बूट न काढता खुर्चीवर बसलो आणि 'चढण' लावली. माझी खोली म्हणजे एक खिडकी, एक टेबल, समोरच्या इमारतीची भिंत. त्या भिंतीवर पाण्याचे नळ आहेत आणि नळांच्या सांध्यात एक हिरवं काहीतरी उगवलंय, मी त्यालाच आजवर निसर्ग मानत आलो. सूर सुरू झाले. आणि मला कळलं की बाई खरं बोलत होती. कसं कळलं? पक्षी असा थांबत नाही. एकदा चूं. मग थांबणं, कुणी येतंय का बघावं तेवढं. मग दोनदा. मग पुन्हा थांबणं, जरा कमी. मग तीनदा, घाईनं. आणि मग काहीच नाही, खूप वेळ. त्या खूप वेळाला आम्ही 'पाहुण्याचं ऐकणं' म्हणायचो. पाहुणा आता तल्लीन झालाय, असं मीच एकदा लिहिलं होतं आणि लोकांनी त्याखाली फुलं ठेवली होती. मी ते बंद केलं, पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं. दोष कुणाला द्यावा तेही उमजेना. जो माणूस दिवसभर बायकोचं सगळं करत होता त्याला? तो तास नसता तर ही धून नसती, आणि ही धून नसती तर माझ्या इतक्या संध्याकाळी कशा गेल्या असत्या कोण जाणे. म्हणजे मी त्याच्याच बाजूचा झालो. नाही म्हटलं तरी मी तिथे त्या खोलीत बसलेला एक श्रोता होतोच की, आणि दाद देत होतो.

गटात त्याच संध्याकाळी मास्तरीणबाईंनी लिहिलं होतं. 'आज सकाळी पाहुण्यानं उठवलं. मी मोठ्यानं ओ दिला. शेजारीण म्हणाली, कुणी आलंय का हो तुमच्याकडे? म्हटलं, आहे एक पाहुणा. हे गेल्यापासून घरात मला हाक मारणारं कुणी नाही. हाक नसली की आपण घरात आहोत की नाही तेच कळत नाही. पाहुण्याचे फार उपकार आहेत.' खाली लोकांनी प्रेमानं काय काय लिहिलेलं. बागवानानं लिहिलं, बाई, तुमच्या नावानं एक नेचा वाढवतोय. मी हे वाचलं आणि फोन उशीखाली ठेवला. सांगावं तर बाईंच्या सकाळचं काय? एकदा कळल्यावर कुणाला ऐकवेल ते? आणि ऐकवेनासं झालं की मग आम्ही कोण? एका अनोळखी माणसाच्या अनोळखी धुना सोडल्या तर आम्हा लोकांना बांधणारं काय होतं? आणि न सांगावं तर रविवारी सगळ्यांबरोबर बसून मी ओ कसा देणार? मला तो गट हवा होता. स्पष्टच सांगतो, मला दुसरं काही नव्हतं.

ताईला फोन केला. तिच्याकडे पाठीमागे भांड्यांचा आवाज. "हं, बोल," ती म्हणाली, "पण लवकर, हात ओले आहेत." मी सांगितलं. सांगताना मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. भांडी थांबली.

"बाई गं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि ती पोरगी कुठे होती तेव्हा?"

"असेल घरातच. का?"

"काही नाही. पोरगी घरात असली की हाका तिलाच असतात, एवढंच." भांडी पुन्हा वाजायला लागली. "तू कशाला एवढा जीव काढतोस? तुझी कोण ती? त्यातलं एक माणूस तरी भेटलायस का तू आजवर?"

"ताई, तसं नसतं ते."

"असू दे. सांगू नकोस कुणाला. लोकांना छान वाटतंय ना, वाटू दे." आणि मग, ताईच ती, "आपली आई आठवते का रे तुला, जेवायला हाक मारायची ती? तू खिडकीतून ओ द्यायचास आणि बसायचास तिथेच खेळत. म्हणायची, नुसता ओ देतो मेला, उठत नाही."

मी म्हटलं, हो. आठवत होतं. कुठलीही पोरं देतात तसाच ओ होता तो, त्यात काही पाप नव्हतं. आई म्हातारी होऊन गेली, शेवटी मी जवळ होतो, राहून गेलेलं असं काही नाही. तरी फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तिचा आवाज आठवायचा प्रयत्न करत बसलो. शब्द आठवले, चेहरा आठवला, दारातून डोकावताना पदराला हात पुसायची ते आठवलं. आवाज काही आला नाही. माणसाचा आवाज आधी जातो. दातांचं तसं नाही, दात सगळ्यांत शेवटी जातात, हे मला धंद्यामुळे माहीत.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सुळा नव्यानं बसवला. मग हात धुऊन म्हातारबांच्या मुलीला लिहिलं की मी ऐकलं, तुमचं खरं आहे, आणि आमच्या लोकांना सांगायचं का ते तुम्ही ठरवा. मनात होतं की ती 'सांगा' म्हणेल आणि माझ्यावरचं ओझं जाईल. किंवा 'नका सांगू' म्हणेल, तरी जाईल. तिनं लिहिलं, 'मी तुमच्याकडची जुनी पानं वाचली. कुठल्या धुनेत ती किती वेळा, पहिली हाक हळू आणि शेवटची कशी तुटते, हे सगळं तुम्ही लोकांनी लिहून ठेवलंय. एकानं लिहिलंय की पावसाळी दिवशी पाहुणा उदास असतो. पावसाळी दिवशी तिचा हात दुखायचा. इतकं लक्ष देऊन तिला कुणी कधी ऐकलं नाही हो. सांगू नका. पक्षी म्हणून का होईना.' मी वाचत राहिलो. डोळे भरून आले आणि चष्म्याच्या आतून प्लास्टर गेल्यासारखं चुरचुरलं. मग मला वाटलं, तिला काहीतरी द्यावं, म्हणून लिहिलं, 'कदाचित त्यांना काही नकोच असेल. त्याही साथ करत असतील.' लगेच उत्तर आलं, 'असंही मी पुष्कळ वर्षं म्हणून बघितलं.' आणि खाली, 'रविवारी आलेलं चालेल?'

ओझं गेलं नाहीच. ते आता फक्त माझं आणि तिचं होतं. आठवडाभर मी गटात वावरलो तो लग्नघरात एखादी वाईट बातमी खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसासारखा. सगळे नेहमीसारखे बोलत होते. बागवानाच्या नेच्याला पानाची नवी गुंडाळी फुटली होती. मी हसण्याच्या खुणा टाकत होतो. या लोकांशी मी पहिल्यांदाच काहीतरी लपवत होतो, आणि ज्यांचा चेहरा पाहिलेला नाही अशा माणसांपासून दूर गेल्यासारखं वाटतं, हे मला माहीत नव्हतं. घंटी मी बदलली. नवी घंटी वाजली की दरवेळी मला वाटायचं, दुसऱ्याच कुणाचा फोन वाजतोय.

रविवारी दुपारी सगळे जमले. मला दिसत होती फक्त नावांची रांग, आणि तळाशी एक नवं नाव, करडं वर्तुळ. कुणीतरी लिहिलं, 'नवीन मंडळींचं स्वागत.' बागवानानं 'चढण'चा हट्ट धरला, नेच्याच्या नव्या पानासाठी. मी दुसरं काहीतरी सुचवून पाहिलं, पण सगळेच चढण, चढण म्हणायला लागले. शेवटी लावली. पियानो सुरू झाला, ते साधे सारखे सूर. मग गज तारेवर टेकला. खिडकीबाहेर ऊन होतं आणि भिंतीवरच्या नळातलं हिरवं हलत होतं. आणि ती आली. चूं. पडद्यावर ओ, ओ, ओ, एकाखाली एक. दोनदा. पुन्हा ओ, ओ. मास्तरीणबाईंचा सगळ्यांत आधी, नेहमीसारखा. तीनदा, घाईनं. आणि त्यानंतर म्हातारबांचं व्हायोलिन जे वर चढायला लागतं, ज्याच्यासाठी आम्ही सगळे जीव टाकतो, ते चढायला लागलं, आणि त्या दिवशी मला ऐकू आलं की तो माणूस आवाज वाढवतोय.

तेवढ्यात तिचा खासगी निरोप आला. 'मी आवाज बंद ठेवलाय. नुसते ओ बघतेय. किती माणसं आहेत.' मग, 'बाबा इथे कुठे थांबतात का? जरासे?'

माझं बोट अक्षरांवर थांबलं. एवढ्या लोकांत या धुनेची खडान्‌खडा माहिती मला. मी लिहिलं, 'हो. क्षणभर थांबतात.'

'खोटं,' ती म्हणाली. 'मी त्याच खोलीत होते. पियानो माझा आहे.'

व्हायोलिन चढत होतं आणि खाली ते सूर, सारखे, न चुकता, एकही न गाळता. मी हजार वेळा ऐकले असतील, पण त्यांच्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. आमच्यापैकी कुणाचंच नाही. त्या सुरांवर गटात एक ओळसुद्धा नव्हती.

'तुम्ही लहान असाल,' मी लिहिलं.

'नव्हते. आईच्या खोलीचं दार माझ्या पाठीशी होतं. बाबा डोळे मिटून वाजवायचे. ते गेले, आता काय बोलणार. मी उठले असते तरी ते वाजवतच राहिले असते.' मग, 'परत तिथूनच लावाल? आवाज सुरू करते.'

मी गटात लिहिलं, 'पुन्हा एकदा ऐकू या का, पाहुण्यापासून?' सगळे खूश. बागवान म्हणाला, नेचाही हो म्हणतोय. मी धून मागे नेली. पियानो सुरू झाला. एकदा चूं. ओ, ओ, ओ. दोनदा. ओ, ओ. करड्या वर्तुळाशेजारी ते तीन ठिपके हलायला लागले, कुणी लिहीत असलं की हलतात ते. थांबले. पुन्हा हलले. मग तीनदा, घाईनं, आणि सगळ्यांचे ओ संपायच्या आत मधेच तिची ओळ आली.

'आले गं.'

मग हसण्याच्या खुणा पडायला लागल्या. कुणी लिहिलं, 'नवीन बाई तर निघाल्याच पाहुण्याकडे!' कुणी लिहिलं, 'आमच्यासाठीही एक फांदी धरून ठेवा.' मास्तरीणबाईंनी लिहिलं, 'जा हो, आमचाही नमस्कार सांगा त्याला.' नावांच्या रांगेतून करडं वर्तुळ गेलं, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. बागवान विचारत होता, तुमचा ओ कुठे राहिला आज? व्हायोलिन वर चढत होतं, आणि मी पहिल्यांदाच खालचा पियानो ऐकत होतो.